ख्रिस्ती जीवनात प्रार्थना कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे स्थानकापासून चालत पंधरा मिनिटांवर असलेल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. गेली बावीस वर्षे ती चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी पाळक म्हणजे धर्मगुरू नाही, मंडळीतला एक सभासद आहे. सभेत सहसा कोणी प्रश्न विचारत नाही. सभा संपल्यावर, दारात चपला घालताना, हळू आवाजात विचारतात. असे पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न आणि त्यांची मला सुचलेली उत्तरे येथे लिहिली आहेत. पवित्र शास्त्रात जे स्पष्ट आहे ते तसे सांगितले आहे, आणि जे माझे मत आहे ते माझे म्हणूनच सांगितले आहे.

देवाला सर्व काही ठाऊक आहे, मग त्याच्याकडे मागायचे कशासाठी?

हे विचारताना अनेकांना वाटते की आपण काहीतरी अश्रद्धेचे बोलत आहोत. तसे मानण्याचे कारण नाही, कारण हा विषय खुद्द प्रभू येशूने काढला आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो शिष्यांना सांगतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. आणि ‘म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा’ असे म्हणत लगेच प्रभूची प्रार्थना शिकवतो. देवाला ठाऊक आहे म्हणून मागू नये, असा आपला हिशेब असतो. प्रभूच्या बोलण्यात मात्र देवाला ठाऊक असणे हेच मागण्याचे कारण झाले आहे.

याचा उलगडा ‘पिता’ या शब्दात आहे. शाळेतून आलेल्या मुलाचा चेहरा पाहूनच आईला कळते की आज काहीतरी बिनसले आहे. कदाचित वर्गशिक्षिकेचा फोनही दुपारीच येऊन गेलेला असतो. तरीही ती ‘काय झालं रे?’ असे विचारते आणि तो बोलेपर्यंत थांबते. तिला बातमी नको असते, तो तिच्यापाशी येऊन बसायला हवा असतो. आणि सांगता सांगता त्या मुलाचे त्यालाच उमगते की शिक्षा झाली याचे त्याला फारसे काही वाटलेले नाही, जिवलग मित्र गप्प राहिला हे मात्र जिव्हारी लागले आहे. आमच्या सभेत ‘प्रभू, मला नोकरी मिळू दे’ अशी सुरुवात करणारा एखादा भाऊ पाच मिनिटांनी ‘सासरच्या माणसांसमोर माझी मान खाली जाते’ इथवर येतो. देवाला ते आधीच ठाऊक होते. त्या भावाला ते त्या क्षणी, पित्यासमोर बोलताना कळले.

म्हणून प्रार्थनेचा हेतू एका वाक्यात सांगायचा तर मी म्हणेन की लेकराने पित्याच्या सहवासात राहावे यासाठी प्रार्थना आहे, आणि मागणे, रडणे, आभार मानणे, तक्रार करणे, गप्प बसणे हे सगळे त्या सहवासात आपोआप येते. पुढची बहुतेक उत्तरे या एकाच धाग्याने बांधलेली आहेत.

प्रार्थनेमुळे देवाचे मन बदलते की आपले?

शास्त्रात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. सदोम या पापी नगराचा नाश होऊ नये म्हणून रदबदली करताना अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली येतो आणि देव प्रत्येक वेळी त्याचे ऐकून घेतो. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते, आणि प्रभू ती गोष्ट नाउमेद न होता प्रार्थना करावी हे शिकवण्यासाठी सांगतो. तुम्ही मागत नाही म्हणून तुम्हाला मिळत नाही, असे याकोब नव्या करारातल्या आपल्या पत्रात स्पष्टच लिहितो. त्यामुळे ‘प्रार्थनेने फक्त आपलेच मन बदलते’ हे शिक्षण मला मान्य नाही. तसे असते तर प्रार्थना म्हणजे स्वतःची समजूत काढणे ठरले असते, आणि तेवढ्यासाठी देवाची गरज नव्हती.

पण प्रभू येशूच्या अटकेआधीची, गेथशेमाने बागेतली ती रात्र विसरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पुत्राने पित्याकडे अगदी सरळ मागितले की शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळो. एकदा नाही, तीनदा मागितले. आणि प्रत्येक वेळी ‘तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हेही म्हटले. प्याला टळला नाही. पण बागेत शिरताना ज्याचा जीव मरणप्राय व्याकूळ झाला होता, तोच प्रार्थना संपल्यावर शिष्यांना ‘उठा, आपण जाऊ’ म्हणतो आणि मशाली घेऊन आलेल्या लोकांना सामोरा जातो. या दोन क्षणांच्या मध्ये जे घडले ते देवाचे मन वळणे की माणसाचे, अशी वाटणी मला करता येत नाही. पिता आणि पुत्र तेथे एकमेकांशी बोलले, एवढे मला दिसते.

प्रभूची प्रार्थना रोज म्हटल्याने ती केवळ पाठ म्हटल्यासारखी होत नाही का?

होते, कधी कधी होते. पण पाठ असणे हा दोष आहे असे मला वाटत नाही.

माझी आई अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन ठाण्याला आली. सकाळी ती भाकरी थापून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायची आणि डोक्यावरचा पदर सारखा करून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू करायची. ‘आमेन’ म्हटले की भाकरी उलटायची. ती म्हणे, घाईत म्हटली तर भाकरी कच्ची राहते आणि रेंगाळलं तर करपते. घड्याळ तिला लागले नाही. त्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे शब्द येत तेव्हा समोर तव्यावर खरीच भाकरी असे, आणि भाषांतर करणाऱ्यांनी मराठीत ‘भाकर’ हा शब्द का ठेवला असेल हे मला त्या स्वयंपाकघरात बसूनच कळले.

या प्रार्थनेतील दोन गोष्टींकडे मी नेहमी लक्ष वेधतो. पहिली ही की तिच्यात ‘मी’ किंवा ‘माझे’ कोठेही नाही. प्रभू सांगतो की खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर; आणि त्या बंद दाराआड एकट्याने म्हणायचे शब्द मात्र ‘आमच्या’, ‘आम्हांला’ असेच आहेत. मी माझ्या भाकरीसाठी मागतो तेव्हा कळवा-मुंब्र्याच्या चाळीतल्या, मला नावाने ठाऊक नसलेल्या घराची भाकरीही त्याच शब्दात मागितलेली असते. दुसरी गोष्ट ‘आज’ या शब्दाची. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या आपल्यासारख्यांना पुढच्या वीस वर्षांची हमी हवी असते, आणि ती प्रार्थना आजच्या दिवसापुरतेच बोलते. त्याने बचत करू नये असा अर्थ होत नाही; पण उद्याची काळजी हाती धरून आज झोप लागत नसेल, तर हे शब्द सावकाश म्हणून पाहावेत.

‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीबद्दल पुढे, भांडणाच्या प्रश्नात लिहिले आहे.

नवस आणि ख्रिस्ती प्रार्थना यांत फरक काय?

आमच्यापैकी कित्येकांच्या घरात दोन-तीन पिढ्यांमागे नवस बोलले आणि फेडले जात होते, आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेला जाऊन मेणाचा हात, पाय किंवा घर वाहणाऱ्यांत सर्व धर्मांचे शेजारी असतात. त्या माणसांच्या कळकळीला मी कधीही नावे ठेवणार नाही. आजारी मुलाच्या मापाची मेणबत्ती हातात घेऊन उन्हात रांगेत उभी असलेली बाई देवाशी अत्यंत प्रामाणिकपणे बोलत असते.

तरीही फरक आहे. नवसात ‘तू हे केलेस तर मी ते करीन’ असा करार असतो. ख्रिस्ती विश्वास सांगतो की देवाला देण्यासारखी किंमत आपल्याजवळ नव्हती आणि ती वधस्तंभावर आधीच भरली गेली आहे, त्यामुळे त्याच्याशी सौदा करण्याचे कारणच उरलेले नाही. शास्त्रात नवसाचा उल्लेख नाही असे मात्र कोणी म्हणू नये. जुन्या करारातल्या निपुत्रिक हन्नेने मुलगा मिळाल्यास तो देवाला वाहीन असा नवस केला होता. तिची गोष्ट नीट वाचावी, अशी माझी विनंती आहे. तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, म्हणून एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. ती म्हणाली की मी परमेश्वरापुढे आपले मन मोकळे करीत आहे. त्यानंतर ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, जन्म अजून व्हायचा होता. हातात काहीच आलेले नसताना तिचा चेहरा बदलला, तो मन ओतून झाल्यामुळे.

मनापासून प्रार्थना केली, तरी उत्तर मिळाले नाही. याचा अर्थ काय?

येथे मी सावधपणे लिहीत आहे, कारण हा प्रश्न माझाही आहे. माझ्या थोरल्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. अकरा महिने आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालले. मंडळीने शुक्रवारचे उपवास धरले, रात्रभर प्रार्थना झाली, पाळकसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून रडले. पावसाळ्यात, एका मंगळवारी पहाटे ताई गेली.

त्यानंतर कित्येक आठवडे मला प्रार्थना करता आली नाही, आणि बुधवारची सभा तर चालवायची होती. म्हणून मी फक्त बायबलातली स्तोत्रे वाचून दाखवू लागलो. तोपर्यंत मला वाटायचे की स्तोत्रे म्हणजे स्तुतीची गाणी. वाचताना ध्यानात आले की त्या दीडशेंपैकी कितीतरी स्तोत्रे ही तक्रारी आहेत. तेरावे स्तोत्र ‘किती काळ?’ या प्रश्नाने सुरू होते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. त्यात ‘पण तरीही’ असे म्हणणारी सांत्वनाची ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते स्तोत्र देवाच्या लोकांच्या प्रार्थनापुस्तकात राहू दिलेले आहे. रागावलेल्या, खचलेल्या माणसाचे बोलणे देव ऐकून घेतो, याचा मला याहून मोठा पुरावा सापडलेला नाही.

प्रेषित पौलाच्या देहात एक काटा, म्हणजे सलणारे दुखणे, होते. तो काढून टाकावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळाले. शोकात असलेल्या माणसाला हे वचन कोणी पहिल्याच दिवशी ऐकवू नये. पौलाला ते प्रभूकडून मिळाले, शेजाऱ्याकडून मिळाले नाही.

माझी प्रार्थना परत आली ती एका लहानशा कारणाने. शेवटच्या महिन्यात ताईने शेजारच्या खाटेवरच्या एका तरुण मुलीचे नाव माझ्या प्रार्थनेच्या वहीत लिहायला लावले होते. ताई गेल्यावर वही उघडली तेव्हा तिचे नाव खोडणे भाग होते, पण त्याखालचे नाव तसेच होते. त्या मुलीसाठी कोणीतरी मागायला हवे होते, म्हणून मी मागितले. ताई का गेली याचे उत्तर मला आजही मिळालेले नाही, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्याशी माझे बोलणे तुटलेले नाही.

‘विश्वास कमी पडला म्हणून प्रार्थना ऐकली गेली नाही’ हे खरे आहे का?

असे कोणाला म्हणू नका. मी एकदा म्हटले आहे. ताईच्या आजारपणाच्या कितीतरी आधी, आजारी मुलगा गमावलेल्या एका मातेला मी शहाणपणा करून सांगितले की आपण पूर्ण विश्वासाने मागायला हवे होते. ती दोन वर्षे मंडळीत आली नाही. पुढे मी तिच्या कळव्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा केला आणि म्हणाली, प्रार्थना करा. माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तिनेच केली.

शास्त्र काय दाखवते ते पाहावे. मार्कच्या नवव्या अध्यायातील बापाने प्रभूला सांगितले की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. इतक्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही त्याचा मुलगा बरा झाला. जन्मांध माणसाविषयी, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले.

आजारपणात प्रार्थना करावी की औषध घ्यावे?

दोन्ही करावे. प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्टी बांधली, आणि ज्या लूकने आपल्याला शुभवर्तमान दिले त्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. प्रार्थना झाली म्हणून रक्तदाबाची, साखरेची किंवा मानसिक आजाराची गोळी बंद करा असे कोणी देवाच्या नावाने सांगत असेल, तर त्याचे ऐकू नका, तो कितीही मोठा वक्ता असो.

धावपळीत प्रार्थनेला वेळ कसा काढावा?

प्रभू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जाई. दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. पहाटेची सहाची पाळी गाठणाऱ्या किंवा रात्री अकराला घोडबंदर रोडवरून घरी पोहोचणाऱ्या माणसाला ही उदाहरणे ऐकून फक्त अपराधी वाटते, हे मी पाहिले आहे. त्यांना मी आमच्या मंडळीतल्या एका बहिणीची पद्धत सांगतो.

ती ठाण्याहून वाशीला कामाला जाते. गाडी ऐरोलीला थांबली की ती कार्यालयातल्या एका सहकारी स्त्रीसाठी प्रार्थना करते, रबाळ्याला भावासाठी, घणसोलीला सासूबाईंसाठी, कोपरखैरण्याला ज्याच्याशी तिचे पटत नाही त्या वरिष्ठासाठी, तुर्भ्याला स्वतःच्या मुलांसाठी. डोळे मिटत नाही, कारण उभे राहून दांडी धरलेली असते. २०२४ च्या जानेवारीत मधे दिघा गाव स्थानक सुरू झाले तेव्हा तिने एक नाव वाढवले. ‘निरंतर प्रार्थना करा’ असे पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो, त्याचा इतका सरळ अर्थ मी कोणत्याही प्रवचनात ऐकला नव्हता. तरी रविवारी दुपारी अर्धा तास दार लावून बसणेही ती सोडत नाही, आणि ते तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. कारण चालता चालता बोलणाऱ्या नवरा-बायकोलाही कधीतरी समोरासमोर बसावे लागते.

गुडघे टेकणे, डोके झाकणे, हात जोडणे आवश्यक आहे का?

शास्त्रात लोक उभे राहून, गुडघे टेकून, पालथे पडून आणि अंथरुणावरूनही प्रार्थना करताना दिसतात. देह नमला की मन नमायला मदत होते, म्हणून या रीती चांगल्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे.

पाठ असलेल्या, छापील प्रार्थना चांगल्या की मनातून आलेल्या?

मला लहानपणी शिकवले गेले की मनातून आलेली तीच खरी. आज मी तसे म्हणत नाही. मासुंदा तलावाजवळच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये जाणारे आमचे कॅथलिक शेजारी जपमाळेचे मणी दहा-दहा करून मोजतात तेव्हा ओठांवर तेच शब्द असतात, पण चित्त ख्रिस्ताच्या जीवनातल्या एकेका प्रसंगावर ठेवलेले असते. शब्द पाठ असल्यामुळेच मन मोकळे राहते. उलट, ‘मनातून’ येणाऱ्या आमच्या प्रार्थनांत तीच पाच वाक्ये त्याच क्रमाने वर्षानुवर्षे येत असतात, हे बुधवारी बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. प्रभूने जी निरर्थक बडबड टाळायला सांगितली ती दोन्हीकडे शिरू शकते.

ताईला शेवटच्या दिवसांत बोलवत नव्हते, तेव्हा तिच्या ओठांवर जे हलताना दिसले ते पाठ असलेलेच होते. आणि जेव्हा पाठही आठवत नाही तेव्हासाठी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

दुसऱ्यांसाठी प्रार्थना केल्याने काय साधते?

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे, सध्याची सातवी. डावीकडे तारीख, मध्ये नाव, उजवीकडे विनंती. उजवीकडचे रकाने बदलत जातात: ‘दहावीची परीक्षा’ याच्या पुढे काही वर्षांनी त्याच नावासमोर ‘प्रसूती सुखरूप व्हावी’ असे लिहिलेले असते. ज्या माणसाचे नाव मी रोज देवापुढे घेतो त्याच्याबद्दल मागून वाईट बोलणे मला जड जाते. आणि ज्याच्यासाठी ‘प्रभू, याला काम दे’ असे म्हटले, त्याच्या अर्जासाठी ओळखीच्या दोन ठिकाणी फोन न करणे तर मला जमतच नाही. उपाशी माणसाला ‘ऊब घे, तृप्त हो’ असे नुसते म्हणून काय लाभ, हे याकोबाने लिहूनच ठेवले आहे. देव त्या माणसासाठी आणखी काय काय करतो ते सगळे मला दिसत नाही. पुष्कळ नावांसमोर मी ‘आभार’ असा शब्द लिहू शकलो आहे.

घरात भांडण चालू असताना प्रार्थना करता येते का?

करता येते, पण ती आपल्याला भांडणाकडेच परत पाठवते. वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू सांगतो. प्रभूची प्रार्थना शिकवून झाल्यावर तिच्यातल्या एकाच ओळीवर तो पुन्हा बोलतो, आणि ती ओळ क्षमेची आहे.

ठाण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून सख्ख्या भावांमध्ये नव्या सदनिकेच्या हक्कावरून अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत. असे दोन भाऊ आमच्याकडे एकाच रांगेत, मध्ये चार खुर्च्या सोडून बसत आणि ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ एका सुरात म्हणत. एका बुधवारी धाकटा त्या ओळीवर थांबला. पुढची प्रार्थना त्याने म्हटली नाही. कागदपत्रांचा वाद मिटायला नंतर बराच काळ गेला, आणि वकीलही लागला; क्षमा करणे म्हणजे हक्काचे कागद फाडून टाकणे असे मी त्याला सांगितले नाही. पण त्या रात्री तो भावाच्या दाराची बेल वाजवून आला होता.

मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांनी मराठीतच प्रार्थना करावी का?

मुलाला ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत त्याने प्रार्थना करावी. तरीही आजीची प्रार्थना त्याला कळावी एवढी मराठी त्याच्याकडे असावी, असे मला तळमळीने वाटते. या भूमीत ख्रिस्ती प्रार्थना नवी नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले, तेव्हा त्यांना आसरा देणारी ख्रिस्ती कुटुंबे येथे आधीपासूनच राहत होती. थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, पण १६१६ साली छापलेले त्याचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाच्या वळणाने ख्रिस्ताला हाक मारायला आपल्याला शिकवले. त्यांची भजने आजही आमच्या उपासनेत गायली जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी वेचली, कारण खेड्यातल्या बाईला ते कळावे अशी त्यांची इच्छा होती. इतक्या लोकांनी जी भाषा देवाशी बोलण्यासाठी घडवली, ती आपल्या मुलांच्या कानावर निदान जेवणाआधी तरी पडावी.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याने ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हटले तर?

आनंदाने करावी, त्याच्या घरात त्याला विचारून करावी, आणि थोडक्यात करावी. त्याच्या अडचणीचा उपदेशासाठी उपयोग करू नये. पुढच्या आठवड्यात ‘बाबांना आता कसे आहे?’ हे विचारायला विसरू नये.

प्रार्थना करावीशीच वाटत नाही. काय करू?

प्रथम, झोप पुरेशी होते का ते पाहा. थकलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. मन सतत काळवंडलेले राहत असेल तर डॉक्टरांना भेटा. आणि जमेल तर बुधवारी साडेसातला या. मागच्या रांगेत, पंख्याखालची खुर्ची घ्या. तुम्हाला प्रार्थना करायला कोणी सांगणार नाही. आम्ही जे म्हणू ते नुसते ऐका. ‘आमेन’ म्हणता आले तर म्हणा. जाताना दाराजवळच्या टेबलावर वही उघडी असते, तिच्यात फक्त नाव लिहून गेलात तरी चालेल.